शनिवारचं तेल बुधवारी

मॅनेजर रितेशला त्याच्या खुर्चीवरून उठवायचं, हे सोमी मेंगाळनं ठरवलं ते कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर, दुपारी पाऊण वाजता. आत तिच्या वर्गातली मुलं प्रॅक्टिकलची परीक्षा देत होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. अकराची परीक्षा, आता बसता येणार नाही. तिच्या अंगावर अजून बर्गरच्या दुकानाचा लाल टी-शर्ट होता. ती रडली नाही. पायरीवर बसून तिनं विचार केला.

सोमी डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यातली. घरी भात आणि नाचणी. पाड्यातून बी.एस्सी.ला गेलेली ती पहिलीच. शिकायला ती शहापुरात प्रेमाआत्याकडे राहायची आणि सकाळी सात ते दहा हायवेवरच्या बर्गरच्या दुकानात काम करायची. आयुष्यातली पहिली नोकरी.

दुकानाचा मॅनेजर रितेश मुरबाडचा, तिशीचा. मुरबाडचं बोलणं त्यानं जिभेवरून घासून काढलं होतं आणि दुसऱ्याच्या जिभेवर ते आलं की तो पेटायचा. पहिल्याच आठवड्यात सोमी एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "कॉफी नाय, मशीन बंद हाय." रितेशनं रांग थांबवली. तिला काउंटरपुढं उभं करून "माफ करा सर, कॉफी उपलब्ध नाही" हे दहा वेळा म्हणायला लावलं. लोक हसले. एकानं मोबाइल काढला. त्या दिवसापासून तो तिला नावानं हाक मारेना. "ए जंगल, टेबल चार पूस."

बटाटे तळणाऱ्या भाविकचा हात एकदा भाजला. त्यानं बर्फ मागितला. रितेश म्हणाला, "बर्फ गिऱ्हाइकांसाठी आहे."

परीक्षेच्या दिवसाची रजा सोमीनं दोन आठवडे आधी लिहून दिली होती. आदल्या दिवशी रितेश म्हणाला, माणूस कमी आहे, सात ते दहा येऊन जा. ती आली. पावणेदहाला शिर्डीला निघालेली बस दुकानापुढं थांबली, तिच्या मागं दुसरी. कामावर आल्यावर सगळ्यांच्या बॅगा रितेशच्या कपाटात जमा व्हायच्या. सोमीच्या बॅगेत हॉल तिकीट होतं आणि सरांच्या सहीचं जर्नल. त्याशिवाय परीक्षेला कोणी उभं करत नाही.

"सर, माझी बॅग द्या. अकराला प्रॅक्टिकल हाय."

"बसची गर्दी गेली की देतो."

"वर्ष जाईल माझं, सर."

"जाऊ दे. शिकून काय, पाड्यावर लॅब काढणार?"

किल्ली त्यानं खिशात टाकली. दोन्ही बस गेल्या तेव्हा बारा वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सोमी वेळेवर कामाला आली. भाविक चाट पडला. "येडी हायेस का गो? मी असतो तं कढई ओतली असती त्याच्यावर."

"मंग तू जेलात आणि तो सुट्टीवर," सोमी म्हणाली. "मला तो घरी बसलेला पायजे."

तळणीच्या तेलाचं एक रजिस्टर होतं. रोज चार वेळा तेलाचं तापमान, रंग, तेल बदललं की नाही हे लिहून खाली सही करायची. पानांवर छापील नंबर, त्यामुळे पान फाडायची सोय नाही. रितेशला रोजची कटकट नको होती, तेल बदलण्याचा खर्च तर त्याहून नको. काळं पडलेलं तेल गाळून पुन्हा कढईत जायचं. रजिस्टर सोमवारी सकाळीच शनिवारपर्यंतचं भरून टाकायचं, मात्र पेन्सिलीनं. कंपनीचे तपासनीस अचानक येत. नाशिककडच्या शाखेतून फोन यायचा, "पाहुणे निघाले." मग पुढच्या दिवसांचं खोडरबरनं साफ करायचं आणि मागचं पेनानं गिरवायचं. रजिस्टर लिहायचं काम अक्षर चांगलं म्हणून सोमीकडं होतं. रितेशनं ते रजिस्टर कधी उघडून पाहिलं नव्हतं.

बिलाच्या तळाशी तक्रारीचा नंबर छापलेला असतो. सोमीनं त्यावर फोन केला, नाव सांगितलं, म्हणाली, तेल काळं आहे, रजिस्टर बघा. आणि त्या सोमवारपासून ती आठवडा पेनानं भरू लागली. निळ्या शाईत, वळणदार.

दोन आठवडे काही झालं नाही. तिसऱ्या बुधवारी साडेनऊला फोन आला, या वेळी उशिरा. रितेश धावत आत आला. "भाविक, रजिस्टर! खोड लवकर!"

भाविकनं दोनदा रबर घासलं, कागद मळला. "सर, निघंना. पेन हाय."

रितेशनं पान पाहिलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शनिवारी संध्याकाळी सहाला तेल बदललेलं, रंग सोनेरी. खाली सोमीची सही. एवढ्यात काउंटरच्या कडेनं एक बाई आत येताना सोमीला दिसल्या, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. रितेशची त्यांच्याकडं पाठ होती. तीन महिन्यांत सोमीला एक कळलं होतं. या माणसाला आपला हुकूम मोडलेला सोसत नाही, मग त्याला पुढचं-मागचं दिसत नाही.

"काय झालं, सर?" तिनं विचारलं.

"काय झालं?" रितेश ओरडला, आणि मुरबाड बाहेर आलं. "भवाने, पेन्सिलीनं लिवाय सांगितलं व्हतं ना तुला! दर सोमवारी सांगतो, पेन्सिलीनं लिव!"

"कुणी सांगितलं होतं?" मागून बाईंनी विचारलं. रितेश वळला. बाईंनी हात पुढं केला. "ते रजिस्टर द्या इकडे."

चार दिवसांनी रितेश प्रेमाआत्याच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली. त्याला घरी बसवलं होतं, चौकशी सुरू होती. आत्यानं पाणी दिलं. तो सोमीला पहिल्यांदा नावानं बोलला. "सोमी, तू लिहून दे, पेनाची चूक तुझी, मनानंच लिहिलंस. माझी नोकरी वाचंल."

"आधी तुमी लिवा," सोमी म्हणाली. "परीक्षेच्या दिवशी माझी बॅग तुमी अडकवली. तारीख घाला, टाइम घाला."

त्यानं लिहिलं. तिनं एका जागी खाडाखोड होती म्हणून नवा कागद दिला. त्यानं पुन्हा लिहिलं, सही केली. सोमीनं कागद दोनदा वाचला, घडी घालून फाइलीत ठेवला.

"आता तुझं?" रितेशनं विचारलं.

"मी बाईंना खरं सांगितलंय. त्यात बदलायचं काय?"

तो आत्याकडं बघायला लागला. आत्या म्हणाली, "अगो, एवढा दारात आलाय..."

"आलाय तसा जाईल," सोमी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सोमवारी तिनं तो कागद अर्जाला जोडून कॉलेजात दिला. कारकुनानं शिक्का मारून आवक नंबर टाकला. फेरपरीक्षेचं विद्यापीठ ठरवील, म्हणाला. सोमीनं नंबर वहीत उतरवून घेतला आणि तासाला जाऊन बसली.