वरण शिजेपर्यंत

हल्ली एखाद्या तरुण डॉक्टरला यवतमाळला यायचं असलं की कोणीतरी त्याला माझ्याकडे धाडतं. तो येतो, समोरच्या खुर्चीत बसतो आणि विचारतो, घरभाडं किती पडेल, पाण्याचं कसं आहे, स्वयंपाकाला बाई मिळते का. मी सगळं नीट सांगतो. मग न राहवून म्हणतो, "आमच्या वेळी फार स्वस्ताई होती हो." त्याला ते ऐकून काही बरं वाटत नाही, पण मला सांगून वाटतं.

स्वस्ताई होतीच. गवळी दुधाचं माप भरून झाल्यावर वर एक धार आपण होऊन सोडायचा. ज्वारी, तुरीची डाळ, वांगी यांचे भाव नागपूरहून आलेल्या माणसाला खोटे वाटावेत असे. खानावळवाला दोन्ही वेळा पोटभर वाढायचा आणि महिनाअखेर पैसे मागताना स्वतःच लाजायचा. घरंही स्वस्त होती. फक्त ती मला मिळत नव्हती.

छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी मी डॉक्टर होऊन यवतमाळला आलो. पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागे बिऱ्हाड, एवढंच मला हवं होतं. भाड्याची सायकल घेऊन मी गल्लोगल्ली हिंडलो. डॉक्टर म्हटल्यावर घरमालकांचे चेहरे खुलायचे. खुर्ची यायची, चहाची वर्दी जायची. मग प्रश्न यायचा, "तुमी कोन?"

"डॉक्टर."

"ते झालं जी. पन कोन?"

"बौद्ध."

की लगेच त्यांना आठवायचं, ती खोली तर भाच्यासाठी ठेवली आहे. त्या दोन महिन्यांत यवतमाळात इतके भाचे राहायला येणार होते की गावाला एक डॉक्टर पुरलाच नसता. आज मी हे हसत सांगतो. तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा आणि सायकलचं पायडल जोरात मारण्यापलीकडे त्या रागाचं काय करावं हे कळायचं नाही.

त्यात मला घाई होती. माझी आई नागपुरात मामाच्या एका खोलीत राहत होती. वडील लवकर गेले. विड्या वळून वळून तिनं मला शिकवलं. मामा-मामी वाईट नव्हते, पण मामीचं सगळं उरकल्यावर आईला चूल मिळायची, तीही विझत आलेली. मी डॉक्टर झालो तेव्हा तुला काय आणू म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मले माही सोताची चूल पायजे. सकायी उठून मीच पेटवीन, अशी." महिन्याभरात तुला नेतो असं सांगून मी निघालो होतो. दोन महिने होत आले होते. ती शेजारच्या पोरीकडून पोस्टकार्ड लिहून घ्यायची आणि प्रत्येक कार्डात शेवटी एकच ओळ असायची, घर भेटलं का.

शेवटी खानावळवाल्यानंच एक घर सुचवलं. मालकीण पन्नाशीची विधवा बाई होती. राळेगावकडे तिची कापसाची शेती आणि यवतमाळात हे लांबट घर. एकामागे एक तीन खोल्या, त्यांच्या कडेनं मागे जायचा बोळ, मग अंगण, आणि अंगणाच्या पार टोकाला टिनाच्या छपराखाली तिची राहायची खोली आणि चूल. मी दारातच उभा राहिलो आणि तिनं काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "मी डॉक्टर आहे. आणि बौद्ध आहे." माझ्या आवाजात भांडणच होतं.

"ते म्या इचारलं काय?" ती म्हणाली. "विडी पेता काय तुमी?"

विड्या वळणारीचा मुलगा असूनही मी विडी ओढत नव्हतो. तसं सांगितल्यावर तिनं तिसऱ्या खोलीचं दार किलकिलं करून दाखवलं. आत जमिनीपासून वरपर्यंत कापूस भरला होता. भाव चढेपर्यंत ती तो विकणार नव्हती. "तवालोक घरात काडी लावाची नाई," ती बोटांवर मोजत म्हणाली. "इस्तव नाई, कंदील नाई, इस्टो नाई. नेर गावाले माह्या जावेचं घर एका विडीनं गेलं, कापसासकट." म्हणूनच त्या दोन खोल्या निम्म्या भाड्यात होत्या. पुढच्या खोलीत विजेचा एक दिवा होता, तेवढा पुरे होता. मागून आईही येईल असं सांगून मी तिथल्या तिथे पहिल्या महिन्याचे पैसे काढून दिले. रस्त्यावर आल्यावर मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सामान मांडताना पेटीतून स्टोव्ह निघाला आणि तो कुठे पेटवायचा हे मला कळेना. त्या काळी सिरिंजा काचेच्या असत. सुया आणि सिरिंजा दर वेळी पाण्यात उकळाव्या लागत. विजेवर उकळायचं भांडं मी सरकारी दवाखान्यात पाहिलं होतं, पण ते घ्यायची ऐपत नव्हती. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जिला आयुष्यात एक चूल हवी होती त्या बाईसाठी मी काडी ओढायची बंदी असलेलं घर घेऊन ठेवलं होतं. घर मिळालं या आनंदात माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नाही.

अंगणात स्टोव्ह लावू का म्हणून मालकीणबाईला विचारलं, तर म्हणाली वाऱ्यानं ठिणगी उडेल. तिची स्वतःची चूल तिन्ही बाजूंनी मातीची भिंत घालून बंदिस्त केलेली होती. रोगी यायचे, गोळ्या पाहायचे आणि "सुई नाई तं डाक्टर कायचा?" म्हणून उठून जायचे. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं दोन दिवस सुया उकळून दिल्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या गिऱ्हाइकांना भांड्यात काय आहे ते कळलं आणि मला हात जोडून निरोप मिळाला. आईला घर मिळालं असं मी अजून कळवलंच नव्हतं. दवाखाना चालला नाही तर बोचकं बांधून परत जायचं, हेही मनात घोळू लागलं होतं.

मालकीणबाई हे सगळं पाहत होती. चौथ्या दिवशी सकाळी अंगणापलीकडून हाक आली, "डाक्टर, आना ते डब्बं इकडे."

"तुमच्या चुलीवर?" मी विचारलं.

"मंग का देवाच्या चुलीवर?"

समोर तिचं तुरीचं वरण शिजत होतं. मागच्या वैलावर, जिथे एरवी दूध तापायचं, तिथे तिनं माझं सुयांचं भांडं ठेवलं. किती वेळ, तिनं विचारलं. मी वीस मिनिटं म्हणालो. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. "वरन शिजेलोक ठिवीन," ती म्हणाली, आणि तोच माझ्या दवाखान्याचा नियम झाला. वरण शिजलं की सुया उकळल्या, आणि सुया उकळल्या की इंजेक्शनं सुरू. रोगी दारातूनच विचारू लागले, "वरन शिजलं काय जी?" एक शेतकरी तर नमस्कार करायच्या आधीच हे विचारून मोकळा झाला. या डॉक्टरला पहिल्यांदा हेच विचारायचं असतं, असं त्याला गावात कोणीतरी सांगून पाठवलं होतं.

बौद्ध माणसाची भांडी चुलीवर घेतल्याबद्दल तिला कोणी ना कोणी बोललं असणारच. तिनं मला कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही, आणि याची मला आता खंत वाटते. निदान एकदा तरी तोंड उघडून आभार मानायला हवे होते. त्याऐवजी मी काय केलं ते सांगतो.

दहाबारा दिवस झाले असतील. एकदा मी नेहमीपेक्षा लवकर अंगण ओलांडून गेलो. ती चुलीपुढे बसली होती. उकळलेल्या सिरिंजा एकेक करून बोटांनी उचलत होती, लुगड्याच्या पदरानं लख्ख पुसत होती आणि ताटलीत ओळीनं मांडत होती. देवाची भांडी पुसावीत अशी.

माझा तोल गेला. "हात लावू नका!" मी ओरडलो. "कोणी सांगितलं तुम्हाला हात लावायला? सगळं वाया घालवलंत!" रोज मला पुसलेल्या कोरड्या सिरिंजा मिळत होत्या आणि त्या आपोआप वाळतात असं समजून मी निवांत होतो, हा माझा गाढवपणा. राग मात्र तिच्यावर काढला. दोघा रोग्यांच्या दंडाला गाठी आल्या होत्या, त्या का आल्या ते आत्ता कळलं. नशिबानं शेकून बसल्या.

तिनं हातातली सिरिंज खाली ठेवली. दोन्ही हात मांडीवर घेतले, त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "माह्या हाताचं चालत नाई काय तुमाले?"

 हा प्रश्न माझ्या आजीला ठाऊक होता, आईला ठाऊक होता, मलाही शाळेच्या माठापासून ठाऊक होता. तो कधी आम्ही मोठ्यानं विचारला नव्हता, कारण उत्तर आधीच माहीत असायचं. तोच प्रश्न आज दुसऱ्या बाजूनं माझ्याकडे आला होता. मला इतकी लाज वाटली की मी तिथेच, तिच्या चुलीपुढे, मातीत बसलो.

मग मी तिला समजावून सांगितलं. हातावर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, कितीही धुतले तरी राहतात, पदरावरही असतात.

"तुमच्या हातालेबी?"

"माझ्याही. म्हणून मी चिमट्यानं उचलतो."

"अन् कलेक्टर आला तं?"

"कलेक्टरचाही हात चालत नाही."

ती खुदकन हसली. "मंग ठीक हाय. साऱ्याईलेच मनाई असन तं कोनाले राग येनार हाय?" तिनं सगळ्या सिरिंजा पुन्हा भांड्यात टाकल्या, वरून पाणी ओतलं आणि मला विचारलं, "तुमची माय कवा येनार हाय?"

"तुमचा कापूस विकल्यावर."

"काहून?"

मी चुलीचं सगळं सांगितलं.  "माह्या कापसापायी मायले परक्या घरी ठिवलं तुमी? भाव तं होयीलोकबी चढनार नाई. घिऊन या तिले. माह्या चुलीले दोन तोंडं हायेत ना."

तिचा कापूस पुढे होळीनंतर विकला गेला. मग दुसऱ्या खोलीत आमची चूल मांडली, तिची माती त्या बाईनंच कालवून दिली. लगेच भाडंही वाढवलं, आणि ते मी आनंदानं दिलं. पण आई आली तो दिवस त्याच्या कितीतरी आधीचा.

सकाळच्या मोटारीनं मी तिला घेऊन आलो. ट्रंक माझ्या डोक्यावर होती, ती पुढे चालत होती. दवाखाना पाहिला, मधली खोली पाहिली, अंगण ओलांडलं, आणि टिनाची सावली सुरू होते तिथे तिचे पाय आपोआप थांबले. कुठे थांबायचं ते तिला जन्मात कधी सांगावं लागलं नव्हतं. पलीकडे मालकीणबाई फुंकणीनं चूल फुंकत होती. समोर वरण उतू चाललं होतं आणि मागे सुयांचं भांडं खळखळत होतं.

"बाई, उभ्या काहून?" ती मान न वळवताच म्हणाली. "ते मांगचं डब्बं उतरवा लवकर. पन हात नका लाऊ."

आईचा पुढे झालेला हात चटका बसल्यासारखा मागे आला. ते शेवटचे तीन शब्द तिनं आयुष्यभर ऐकले होते.  ट्रंक खाली टाकून मी पुढे धावणार, तेवढ्यात मालकीणबाईनं वळून चिमटा आईपुढे धरला. "ह्या चिमट्यानं. माह्याबी हात चालत नाई बाई. डाक्टर लय वरडते."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "कोनाचाच नाई?"

"कोणाचाच नाही, आई."

तिनं पदर खोचला, टिनाखाली आली, चिमटा घेतला आणि भांडं अलगद उतरवून ठेवलं. मग परत गेली नाही. चुलीपुढे बसली, धुमसणारं लाकूड पुढे ओढून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"लाकडं ओली हायेत बाई तुमची," ती म्हणाली. "उद्यापासून सकायी मीच पेटवीन."