न टाकलेली पोस्ट

थेरगावातल्या आमच्या इमारतीत मैत्रीण आपण निवडत नाही, नवऱ्याची शिफ्ट निवडते. ज्या आठवड्यात आपला नवरा सेकंड शिफ्टला, त्या आठवड्यात जिचा नवराही सेकंडला, तीच संध्याकाळी मोकळी असते. फर्स्टवाली बाई त्या वेळी घरी परतलेल्या नवऱ्यापुढे चहा ठेवत असते, तिला आपल्याशी गप्पा मारायला कुठली सवड. वरच्या मजल्यावरची ती आणि मी अशाच जमलो. दोघींचे नवरे चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच लाइनवर, डांगे चौकातून एकाच बसने जाणारे. बारा वर्षं त्यांच्या शिफ्टा बरोबरीने फिरल्या आणि आम्हीही फिरलो. सेकंडच्या आठवड्यात भाकरी तिच्याकडे, भाजी माझ्याकडे आणि तिचा मुलगा, माझी मुलगी एका सतरंजीवर जेवायला. एवढं सोपं होतं ते.

मी ब्लॉग लिहिते. मुलगी रांगत होती तेव्हा सुरू केला, आता ती सातवीत आहे. माझ्या सासरी त्याला 'ते मोबाइलवरचं' म्हणतात. त्यात काही थोर नाही. नवऱ्याची नाइट असली की सकाळी अकराला आमच्या घरात कुकरची शिट्टी होत नाही, वरण पातेल्यात शिजतं, बेलवर 'वाजवू नका, माणूस झोपला आहे' अशी चिठ्ठी असते आणि मुलगी आवाज बंद करून कार्टून बघते, असलं लिहिते. ती चिठ्ठीची पोस्ट खूप फिरली. कुठल्या कुठल्या गावच्या कंपनीवाल्या बायकांनी आपापल्या दाराच्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवले. एकीने लिहिलं होतं, आमच्याकडे चिठ्ठी नाही, सासूबाई बसतात दारात. त्या दिवशी मी फार मोठी लेखिका होते.

हे सगळं मला मिळायचं नवऱ्याकडून. तो घरी आला, हातपाय धुतले, की जेवताना बोलायला लागायचा. बसमध्ये कोण झोपला आणि थेट डेपोपर्यंत गेला, कँटीनच्या उसळीत काय निघालं, नवीन आलेल्या पोराने साहेबांनाच 'भावा, जरा सरक' कसं म्हटलं. मी वाढता वाढता ऐकायचे आणि मनात वाक्यं जुळवायचे. पोस्ट तयार झाली की पहिल्यांदा वरच्या मजल्यावर जाऊन तिला वाचून दाखवायची, हा रिवाज. ती हसली की टाकायची. ती मनापासून हसायची, तोंडावर पदर घेऊन, आणि कुठे टोचेल तेही नेमकं सांगायची. तिच्यासारखी वाचक मला पुन्हा मिळायची नाही, हे मी आजही रागातच लिहिते आहे.

गेल्या वर्षी कंपनीत एक जागा निघाली. नवीन पोरांना काम शिकवायचं, ट्रेनिंगच्या खोलीत, कायम जनरल शिफ्ट. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं, इतर माणसांसारखं. नाइट नाही, सेकंड नाही. आजवर माझ्या मुलीच्या शाळेच्या संमेलनाला तिचा बाप दोनदा आला, त्यातल्या एकदा खुर्चीतच झोपला. ही जागा मिळाली तर रोज संध्याकाळी आम्ही तिघं एकत्र जेवणार होतो. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. लाइनवरचे दोघं त्या जागेच्या जवळ होते, माझा नवरा आणि तिचा नवरा. आम्ही दोघींनी त्यावर चेष्टाही केली होती. ज्याला मिळेल त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची, असं ठरलं होतं.

आणि त्यातच चैत्रातली जत्रा आली.

नवऱ्याचं गाव साताऱ्याकडचं. जत्रेत देवाची काठी निघते, ती उचलायचा मान त्याच्या घराण्याचा. काठी म्हणजे हातात धरायची काठी नव्हे, घराहून उंच, रंगीत कापडाने मढवलेली. कमरेला पट्टा बांधायचा, त्यात काठीचं बूड टेकवायचं आणि चौघांनी चार बाजूंनी दोऱ्या धरून तोल सांभाळायचा. सासरे होते तोवर ते उचलायचे. ते गेल्यावर पहिलंच वर्ष होतं. कंपनीत त्या आठवड्यात माल काढायचा दाब, कुणालाच सुट्टी नाही. नवऱ्याने अर्ज दिला, तो परत आला. मग त्याने जे केलं ते या कंपन्यांच्या पट्ट्यातल्या अर्ध्या माणसांनी कधी ना कधी केलं आहे. जवळच्या दवाखान्यात गेला, कंबर लचकल्याची चिठ्ठी घेतली, चार दिवस झोपून राहायला सांगितलंय असं फोनवर कळवलं, आणि आम्ही एसटीने गावाला गेलो.

तिथे त्याने त्याच लचकलेल्या कमरेवर काठी घेतली आणि देवळाला पाच फेऱ्या मारल्या. मी गुलालाने लाल होऊन बघत होते. हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. परत येताना एसटीत तो म्हणाला, "हे कुठं लिहू नको हां." मी म्हटलं, मला काय वेड लागलंय का.

पण वेड लागलंच होतं. असला ऐवज हातात आल्यावर गप्प कसं बसायचं. दोन दिवसांत मी ती पोस्ट लिहिली, कुणाचं नाव नाही, गाव नाही, कंपनी नाही. शेवटचं वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं होतं की भांडी घासताना मी ते पुटपुटत होते. डॉक्टरांनी आडवं केलं आणि देवाने उभं केलं.

सकाळी गच्चीवर आम्ही दोघी तिच्या कुरडया घालत होतो. ती सोऱ्या दाबत होती, मी पाटावर बसून वाचत होते. ती इतकी हसली की एक कुरडई वाकडीतिकडी पडली. तिने मला ते शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग हात धुतले, पदराने डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाली. म्हणाली, "अगं, ही टाकू नकोस. भाऊजींना त्रास होईल." मला इतकं बरं वाटलं. नवऱ्याला दिलेला शब्द आपण मोडणार होतो आणि हिने वेळेवर हात धरला, असं वाटलं. मी तिच्यासमोरच पोस्ट खोडून टाकली. घरी येऊन मुलीला सांगितलंसुद्धा की मैत्रीण असावी तर अशी.

त्या जागेची मुलाखत झाली त्या दिवशी नवरा फर्स्टला होता. चारच्या सुमाराला घरी आला, नेहमीसारखे हातपाय धुतले, चहा घेतला. मी विचारलं, काय विचारलं. त्याने मशीनचं काय काय विचारलं ते सांगितलं, सगळं आलं म्हणाला. मग कप खाली ठेवला.

"शेवटी साहेब हसले. म्हणाले, काय, डॉक्टरांनी आडवं केलं आणि देवानं उभं केलं म्हणे तुम्हाला."

मी त्याचा कप उचलला.

"हे वाक्य तुझं हाय," तो म्हणाला.

त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं तो माझ्याबरोबर राहिला होता, माझी वाक्यं त्याला चालीवरून कळतात. मी घाईघाईने सांगितलं की मी टाकलीच नाही, खोडली, शपथ घेऊन सांगते. फक्त तिला वाचून दाखवली होती. तो म्हणाला, "मग तिला तरी का?" आणि उठून बाल्कनीत गेला. तो ओरडला असता तर मीही ओरडले असते, आम्हाला दोघांना ते चांगलं जमतं. तो तिथे उभा राहून वाळत घातलेले कपडे काढायला लागला. ते काम तो कधीच करत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच चप्पल न घालता वर गेले. ती दारात आली, हातात लसणाची पाकळी. मी सरळ विचारलं. तिने नाही म्हटलं नाही, एवढं तिला श्रेय देते. त्या दिवशी स्वयंपाक करताना ते वाक्य आठवून तिला हसू आलं, नवऱ्याने विचारलं कशाला हसतेस, तिने सांगितलं. पुढे त्याने काय केलं ते तिला माहीत नव्हतं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, तुला माहीत नव्हतं की तुझ्या नवऱ्यालाही तीच जागा हवी आहे? तिने हातातली पाकळी सोलली.

मग म्हणाली, "माझ्यापण घरात संध्याकाळी माणूस नसतो गं."

हे मलाही पटलं आणि पटल्याचा अजून जास्त राग आला. खाली उतरताना एकच गोष्ट मनात कुरतडत होती. तिने मला पोस्ट टाकू नकोस म्हटलं ते कशासाठी? माझ्या नवऱ्याला त्रास होऊ नये म्हणून, की ती गोष्ट सगळ्यांना कळून पाणचट होऊ नये, त्यांच्याकडेच राहावी म्हणून? मी खोडत असताना ती माझ्या मोबाइलकडे बघत होती, हे मला आता आठवायला लागलं. कदाचित तेव्हा तिच्या मनात काहीच नसेल. पण आता मला ते कधीच कळणार नाही. केसाने गळा कापतात म्हणतात, तो कापताना कळतही नाही, हे मात्र खरं.

जागा तिच्या नवऱ्याला मिळाली. माझ्या नवऱ्याला साहेबांनी रजेबद्दल काही केलं नाही, कागदावर एक शब्द आला नाही. हसून सोडून दिलं. फक्त जागा दिली नाही. ती पेढे घेऊन इमारतीत सगळ्यांकडे गेली आणि आमच्याकडे पोराला पाठवलं. नवऱ्याने पेढा घेतला, खाल्ला आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवून अभ्यास कसा चाललाय विचारलं. मी आत होते. मी तो पेढा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी डबा परत करताना रिकामा देऊ नये म्हणून त्यात साखर घातली आणि वर पाठवला. एवढी रीत माझ्याकडून सुटली नाही, याची मला लाजच वाटली.

आता तिचा नवरा जनरलला आणि माझा अजून तीन शिफ्टांत फिरतो. म्हणजे सेकंडच्या आठवड्यात ती मोकळी नसते. भांडण न करताच आमची मैत्री संपली. इमारतीत कुणी विचारलं नाही, शिफ्ट बदलली की असं होतंच. जिन्यात भेटलो की ती थोडी बाजूला होते आणि मीही. तिच्यावर मी मनातल्या मनात किती पोस्ट लिहिल्या त्याला गणती नाही. एकही टाकली नाही, कारण वाचून दाखवायला कुणी नव्हतं.

नवऱ्याने मला त्यानंतर एका शब्दाने टोचलं नाही. सगळं पूर्वीसारखं आहे, असं मीच स्वतःला सांगत होते. घरी येतो, हातपाय धुतो, जेवायला बसतो. मी विचारते, आज काय झालं कंपनीत. तो म्हणतो, विशेष काही नाही. भाजी छान झालीय म्हणतो. मला वाटलं, दमत असेल, वय वाढतंय. ब्लॉगवर मी मुलीच्या दप्तराबद्दल, आकुर्डीहून लोकलने येताना हरवलेल्या डब्याबद्दल, नाही नाही ते लिहिलं. वाचणाऱ्या बायकांनी विचारलं, तुमच्या नवऱ्याचे बसमधले किस्से कुठे गेले. मी लिहिलं, लवकरच.

मागच्या रविवारी मी पोहे परतत होते. बाल्कनीतून हसण्याचा आवाज आला. तो मुलीला काहीतरी सांगत होता, बसच्या ड्रायव्हरचं आणि एका बकरीचं, हात करून, आवाज काढून, अगदी पूर्वीसारखं. मुलगी पोट धरून हसत होती. मी गॅस बारीक केला आणि कढईतलं उलथणं तसंच धरून उभी राहिले. किती महिन्यांनी ऐकत होते. मग बशा घेऊन बाहेर गेले, आणि तो थांबला. मुलगी म्हणाली, बाबा, पुढे काय झालं. तो म्हणाला, काही न्हाई, झालं, आणि पोहे घेतले.

तो आंघोळीला गेल्यावर मी मुलीला विचारलं, बकरीचं काय झालं गं. ती पोह्यातले शेंगदाणे वेचत बसली होती.

"बाबांनी सांगितलंय, आईला सांगायचं नाही."

मी हसत हसत म्हटलं, मी कुणाला सांगणार आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. दुपारी पुन्हा विचारलं, झोपताना पुन्हा विचारलं, चॉकलेटचं आमिषसुद्धा दाखवलं. तिने अजून सांगितलेलं नाही.