मुशीचे तेल आणि मोडक डॉक्टर

डॉक्टर सखारामपंत मोडक यांची व माझी पहिली भेट ठाण्याच्या दवाखान्याच्या ओट्यावर झाली, आणि तेव्हाच मला त्यांचा संशय आला. मी मुलाचा खोकला दाखवायला गेलो होतो. मोडकांनी नाडी मागाहून पाहिली, आधी विचारले, "काल हा काय जेवला? आणि परवा?" घरात काय शिजते याची चौकशी परका माणूस दोनच कारणांनी करतो: सोयरीक जुळवायची असते किंवा जात बाटवायची असते. मुलगा पाच वर्षांचा होता, म्हणजे सोयरीक अगदीच अशक्य नव्हती; तरी मला दुसऱ्याचीच भीती वाटली.

आज मोडकांना साठ वर्षे पुरी होत आहेत आणि या गौरवग्रंथासाठी चार शब्द लिहा, असा मंडळींचा आग्रह आहे. आग्रह करणाऱ्यांचाही मला संशय आहे. यांतल्या काहींना मोडकांच्या शेजारचा पाट सोडून उठताना मी पाहिले आहे.

त्या काळी दवाखान्यात मुलांच्या अंगातली चरबी काढून घेतात अशी बोलवा होती. आजारी मूल आधी वैद्याकडे जाई, मग देवऋषीकडे, मग डाग देणाऱ्या बाईकडे. आणि सगळ्यांनी हात टेकले म्हणजे मोडकांकडे येई. मूल दगावले की दोष मोडकांचा. एकदा बाळकुमची एक बाई असेच निपचित पडलेले लेकरू घेऊन आली. "आणलंत हे बरं केलंत," एवढेच मोडक म्हणाले आणि कामाला लागले. इतका राग गिळणारा माणूस मनात काहीतरी शिजवत असणार, असे मला वाटे.

कचेरीतले गोविंदपंत कारकून यांचा धोंडू तीन वर्षांचा झाला तरी उभा राहीना. पाय धनुकलीसारखे वाकलेले, पोट पुढे. दृष्ट लागू नये म्हणून त्याला माजघराच्या अंधारात ठेवीत. थोरल्यालाही असेच झाले होते. त्याच्या पोटावर डाग दिले आणि तो राहिला नाही. म्हणून या खेपेस धोंडूच्या आईने, यमुनाबाईंनी, हट्ट धरून मोडकांना घरी बोलावले. पंत माझे शेजारी, म्हणून मीही जाऊन बसलो.

"मुडदूस आहे," मोडक म्हणाले. "अंगणात खेळवा, दूध द्या आणि रोज सकाळी चमचाभर तेल."

"कसलं तेल?" पंतांनी विचारले.

"मुशी माशाच्या काळजाचं. कोळीवाड्यातून काढवून आणतो."

पंतांच्या मातोश्रींनी कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, विलायती औषध आहे म्हणाला असतास, तर आम्ही खोलात शिरलो असतो का?"

"तुम्ही विचारलंत, आजी."

"म्हणून सांगायचं?"

तेवढ्यात दाराआडून यमुनाबाईंचा आवाज आला, "मला काही ऐकू आलं नाही. बाटली उंबऱ्यावर ठेवा."

पावसाळा सरता सरता धोंडू भिंत धरून उभा राहू लागला. परंतु त्या तेलाचा वास ब्राह्मणआळीत लपणार कसा? ग्रामण्य, म्हणजे जातीचा खटला, उभे राहिले. देवळात सभा भरली. निवाडा देणाऱ्या शास्त्रीबुवांना खरे तर लवकर जेवायला जायचे होते. औषध कसल्याशा मुळीचे आहे असे मोडकांनी म्हटले असते, तर सगळे सुखाने उठले असते. पंत तर मोडकांकडे डोळ्यांनी तेच मागत होते.

"तेल माशाचंच आहे," मोडक म्हणाले. "पाजलं मी. मुलांनी तोंड उघडावं म्हणून त्यांच्यासमोर मीही पितो. प्रायश्चित्त द्यायचं तर मला द्या, त्या घराला नको."

शास्त्रीबुवांना हायसे वाटले. "मग पंचगव्य घ्या, आणि पुन्हा देणार नाही म्हणा."

मोडकांनी पंचगव्य घेतले, मिशा पुसल्या. "तेलापेक्षा चव बरी आहे. पण उद्या सकाळी धोंडूला चमचा द्यायचाच आहे."

"थट्टा करता?"

"नाही हो. पाय अजून सरळ व्हायचेत त्याचे."

सभा खवळली. मोडकांचे पंक्तीतले पान बंद झाले. त्यांच्या मुलीच्या लग्नाला भटजी कल्याणहून आणावा लागला. आणि पंतांना ताकीद मिळाली: ती बाटली उंबऱ्याच्या आत आली, तर सगळे घर वाळीत.

दुसऱ्या दिवशी पंत लवकरच कचेरीत गेले. मी मुद्दाम दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. मोडक आता बाटली चोरून पाठवतात की काय, ते मला पाहायचे होते. मोडकांनी बाटली पाठवली नाही. सकाळच्या उन्हात, धोंडूला कडेवर घेऊन, विहिरीवरच्या सगळ्या बायकांच्या समोरून यमुनाबाई चालत आल्या. परपुरुषासमोर येऊन त्या कधी बोलल्या नव्हत्या. पायरीवर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बाटली घरात आणू नका, असं सभेनं सांगितलंय. मूल बाटलीपाशी नेऊ नका, असं कोणी म्हटलेलं नाही."

मोडकांनी दोन चमचे काढले. एक स्वतः घेतला, एक धोंडूला दिला. दोघांनीही तोंडे वाकडी केली. महिन्याभरात त्या पायरीवर आळीतल्या आणखी दोन आया येऊन बसू लागल्या. त्यांतली एक शास्त्रीबुवांची सून होती.

धोंडोपंत आता स्वतःच्या पायांनी कचेरीत जातात. मोडकांनी हे सगळे कशासाठी केले, याचा पत्ता मला अजून लागलेला नाही. ईश्वराने त्यांचे डोळे, दात आणि गुडघे आणखी चाळीस वर्षे शाबूत ठेवावेत. आणि त्यांच्या पायरीवर रोज सकाळी इतकी मुले तोंड वाकडे करीत बसोत, की आम्हा मोठ्यांना तिथे टेकायला जागा मिळू नये.