औषधाचं खरं नाव, मुंगीच्या अक्षरात

रत्नप्रभाबाईंनी एकतीस वर्षं पालिकेच्या दवाखान्यात खिडकीतून औषधं दिली. निवृत्त होऊन नाहूरला आमच्या शेजारी आल्या, पण खिडकी काही सुटली नाही. साखरेला काय, प्रेशरला काय, थायरॉइडला काय, हे त्यांना भाचरांच्या नावांसारखं पाठ. राग मात्र एकाच गोष्टीचा. पाकिटावर कंपनीने ठेवलेलं नाव वाढदिवसाच्या बॅनरसारखं आणि औषधाचं खरं नाव खाली मुंगीच्या अक्षरात. "म्हाताऱ्या माणसाने गोळी खायची की भिंग घेऊन बसायचं?" हे त्या मला आठवड्यातून दोनदा विचारतात, जणू कारखाना माझाच आहे.

गणपती करून तळमजल्यावरचे धाकूभाऊ गावाहून आले ते थरथरतच. रोज अकराच्या सुमाराला घाम, डोळ्यांपुढे अंधारी. "पाणी बदलला," म्हणायचे. परवा जिन्यातच बसले. बाईंनी आधी साखरेचं पाणी पाजलं, मग खिसे तपासले. दोन पाकिटं निघाली. एक इथल्या डॉक्टरचं, एक गावच्या डॉक्टरचं. नावं वेगळी, रंग वेगळे. बाईंनी चष्मा खाली ओढून मुंग्या वाचल्या. दोन्हींत साखर उतरवणारं एकच औषध, ग्लिमेपिराइड.

"दोन्ही घेताय?"

"गावचो डॉक्टर आमच्या वाडीतलो. त्याची नाय घेतलंय, तर बरा दिसता काय, बाय?"

"पंगत आहे का ही, दोन्हीकडची मनं राखायला? जीव गेला असता, धाकूभाऊ."

दवाखान्यात नेताना रिक्षात बाईंनी औषध कंपन्या, केमिस्ट आणि डॉक्टर या सगळ्यांचा उद्धार केला. रिक्षावाल्यालाही थोडा प्रसाद मिळाला. डॉक्टरांनी धाकूभाऊंना संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं, एक गोळी कायमची बंद केली. मग बाईंनी गावच्या डॉक्टरला फोन लावला. "न विचारता तीच गोळी दिलीत कशी?"

"विचारलं होतं," पलीकडून शांतपणे आलं. "काका म्हणाले, मुंबईत कसलंच औषध चालू नाही."

बाईंनी फोन ठेवला आणि धाकूभाऊंकडे पाहिलं.

"दुसऱ्या डॉक्टराचा नाव काढलंय असतंय, तर त्येका वायट वाटला असता," ते पुटपुटले.

बाईंनी वहीचं पान फाडलं, औषधाचं खरं नाव बोटाएवढ्या अक्षरांत लिहिलं आणि त्यांच्या खिशात कोंबलं.

"ह्या नाव माका बोलूक जमाचा नाय."

"बोलायचंच नाही. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी हा कागद दाखवायचा आणि तोंड बंद ठेवायचं."