दुपारचं दळण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी डोमाजीची पिठाची चक्की आहे. सिंदीला स्टेशनावरून गावात येताना आधी कापसाचे ढीग लागतात, मग लाकडाची वखार, आणि वखारीला लागून ही चक्की. इथल्या शाळेतल्या मास्तरांशी लग्न होऊन मी वर्ध्याहून इथे आले तेव्हा पहिली ओळख झाली ती या माणसाची, कारण घरात पीठ नव्हतं. भुवया, मिशा, कानावरचे केस सगळं पांढरं. वय कळायचंच नाही.

"मास्तरीनबाई, डबा ठेवून जा. दळन झालं का हाक मारतो," तो म्हणाला. मी डबा ठेवला आणि आले. तो सकाळचा डबा होता. दुपारीही दळण असतं हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं.

चक्कीचा एक गुण आहे. आधीच्या माणसाचं थोडं पीठ दगडांत अडकून राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. ते टाळता येत नाही. डोमाजीने त्यावर आपली रीत बसवली होती. सकाळी आमच्यासारख्यांचं दळण. बौद्धपुऱ्यातल्या बायकांनी दुपारी यायचं, डबा उंबऱ्याबाहेर ठेवायचा, आत यायचं नाही. त्यांचं सगळं आटोपलं की डोमाजी घरची मूठभर ज्वारी दगडांतून काढायचा आणि ते पीठ गाईला घालायचा. मग दगड दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी मोकळे. यावर कुणी कधी चकार शब्द काढल्याचं मी ऐकलं नव्हतं. दुपारच्या बायका उन्हात भिंतीच्या सावलीला बसून हसतखेळत असायच्या, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटायचं.

महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत मात्र दुपारचं दळण बंद. आदल्या दिवशी डोमाजी दगड उतरवून धुवायचा, त्यांना हळदकुंकू वाहायचा, आणि पुढे तीन दिवस गल्लीतल्या घरांचं आंबिलीचं, पुरणाचं, फुलोऱ्याचं तेवढं दळायचा. उपाशी राहून, ओलं धोतर नेसून. त्यामागची हकिगत त्याच्या बायकोने, रुख्माबाईने, मला सांगितली. त्यांची पहिली दोन मुलं पाळण्यात गेली. तिसरी कोकिळा. तीही निळी पडली तेव्हा डोमाजीने चक्कीच्या दगडावर डोकं ठेवून महालक्ष्मीला नवस केला: ही जगली तर तुझ्या तीन दिवसांत बाहेरचा दाणा या दगडाला लागू देणार नाही. कोकिळा जगली.

"तो दिवस आन् आजचा दिवस, बाई," रुख्माबाई म्हणाली. "हे झोपेत बी इसरत नाईत."

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेली. पण माझी लीना तेव्हा अंगावर पीत होती. मी त्यावर काही बोलले नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात मराठवाड्यातून बौद्धवस्त्यांतली घरं जाळल्याच्या बातम्या येऊ लागल्या. आमच्याकडे काही घडलं नव्हतं, पण माणसं पारावर बसायची तशी बसेनाशी झाली. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. आणि त्यातच महालक्ष्म्या आल्या. कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले तर दारात जयवंता उभी. बौद्धपुऱ्यातली, रेल्वेत काम करणाऱ्या ताराचंदची बायको. तिच्या डोक्यावर रेशनच्या गव्हाचा डबा होता.

"तेरवा येजो," डोमाजी आतून म्हणाला.

"तेरवा कशाले? पोरीले पाहाले पाहुने उद्या येऊन राह्यले. खालच्या चक्कीची मोटर जळली. मी काय त्याइले गहू वाढू?"

"महालक्ष्म्या हायेत, बाई. तुले माहीत नाई का?"

"तुह्या घरी हायेत ना? माह्या घरी पाहुने हायेत."

बायका हसल्या. डोमाजीही जरासा हसला असावा. मग तो उंबऱ्यापर्यंत आला आणि त्याने दोन्ही हात जोडले. "नवस हाय माहा. पोरगी अवघडलेली हाय घरात. पाया पडतो तुह्या, तेरवा ये."

तो दूर उभा राहूनच पाया पडत होता. जयवंताने ते पाहिलं.

"पाया पडतं, पन डब्याले हात लावत नाई," ती म्हणाली आणि वळली.

दुपारी ताराचंद ठाण्यावर गेला. दोन वर्षांपूर्वी कायदा कडक झाला होता. दुकानदाराने अस्पृश्यता पाळून गिऱ्हाईक परत पाठवलं तर कमीत कमी एक महिना कैद. ठाणेदार शहाणा होता, किंवा घाबरलेला. तक्रार लिहून घेण्याआधी तोच चक्कीवर आला, मागे ताराचंद आणि जयवंता, आणि त्यांच्यामागे अर्धं गाव.

"डोमाजी, हिचा डबा आत्ता दळून दे. विषय संपला. नाही तर मला तुला न्यावं लागेल."

गर्दीत किसनराव होते. ते पंचायतीत होते आणि गल्लीत त्यांचा शब्द चाले. "ठाणेदारसाहेब, देवाधर्मात पडून राह्यले तुमी," ते म्हणाले.

"मी चक्कीत पडून राह्यलो, किसनराव. देव्हारा तिकडे आत आहे."

डोमाजी कुणाकडेच बघत नव्हता. घराच्या दाराकडे बघत होता. तिथे कोकिळा चौकटीला धरून उभी होती. मग तो पुढे झाला, जयवंताच्या डब्याला हात लावला, डबा उचलून आत नेला आणि चक्कीचं अर्धं दार ओढून घेतलं. मोटर सुरू झाली. लोकांनी सुस्कारे सोडले. मीही सोडला.

थोड्या वेळाने त्याने डबा बाहेर आणला. पीठ ऊन होतं, काठोकाठ. जयवंताने चिमूट घेतली, बोटात चोळली, वासही घेतला.

"हे माह्या गव्हाचं नाई."

कुणाला काही कळेना.

"माहा गहू रेशनचा. लाल, कोंड्याचा. हे बन्सी गव्हाचं पीठ हाय. माहा गहू कुठं हाय, डोमाजी?"

ठाणेदाराने दार लोटलं. कोपऱ्यात पोत्याखाली तिचा गहू तसाच पडला होता. डोमाजीने आपल्या घरचा धुतलेला गहू दळून तिला दिला होता. नवसही राहील, कायदाही राहील, आणि तिचं नुकसानही होणार नाही, असं त्याच्या मनाने धरलं होतं. त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. तो गोंधळला होता.

"चांगलं पीठ देल्लं, बाई. घरचा गहू हाय. तुह्याहून चांगला."

"मले तुह्यं चांगलं नको. माह्यं पाह्यजे."

"भिकेपरीस मिजास मोठी!" गर्दीतून कुणी तरी म्हणालं, आणि मोठं हसू झालं. जयवंताने ते पीठ चक्कीच्या पायरीवर ओतलं, रिकामा डबा काखेला मारला आणि ताराचंदला म्हणाली, "चाला ठान्यावर."

संध्याकाळपर्यंत गावात गोष्ट वेगळी झाली होती. म्हणे तिने महालक्ष्मीचं पीठ पायाखाली तुडवलं. मी पायरीशीच उभी होते, तिने काही तुडवलं नव्हतं. मी शेजारणीला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तुम्ही वर्ध्याच्या, तुम्हाला नाही कळायचं."

दिवेलागणीला मी हळदीकुंकवाला रुख्माबाईकडे गेले. जाताना वखारीपाशी किसनराव आणि दहाबारा पोरं दिसली. वखार बंद होती, तरी पोरांच्या हातात दांडकी होती. रॉकेलचा एक डबा भिंतीला टेकून ठेवला होता. त्यांतला एक जण मला नेहमी वहिनी म्हणायचा. त्याने मान खाली घातली. मला वाटलं लीनाला घेऊन धावत स्टेशनावर जावं आणि येईल त्या गाडीत बसावं.

मी आत गेले. मागोमाग किसनराव दारात आले.

"डोमाजी, तू काई फिकर करू नको. तुह्या नवसाचं आमी पाहून घेतो. आज बौद्धपुऱ्याले समजावून येतो."

"काय समजावता?"

"जे समजते ते."

महालक्ष्म्यांचे मुखवटे नथी घालून उभे होते. कोकिळा भिंतीला टेकून बसली होती, पोट धरून. तिची कळ असेल किंवा भीती. ती हळूच म्हणाली, "बाबा, माह्या नावानं चालले हे."

"तू चूप राय," रुख्माबाई म्हणाली.

डोमाजी उठला. महालक्ष्मीला नमस्कार करेल असं वाटलं, पण तो तिच्याकडे पाठ करून चक्कीत गेला. पोत्याखालचा लाल गहू त्याने ओंजळीने भरून वरच्या नरसाळ्यात टाकला. निम्मा खाली सांडला. तो सांडलेला वेचून त्याने पुन्हा वर टाकला. रुख्माबाईने मधे येऊन नरसाळ्यावर पदर पसरला.

"आपली पोरगी हाय ते! तिसरी हाय!"

"बाजूले हो."

"दोन गेल्या, आठोते का तुमाले?"

"आठोते. म्हनूनच म्हनतो, बाजूले हो. तिकडं बी पोरं हायेत."

त्याने पट्टा चढवला. सणाच्या संध्याकाळी चक्कीचा आवाज गल्लीभर गेला, आणि बायका दारादारांतून बाहेर आल्या. पीठ पडत होतं, लालसर, जाडं. डोमाजीने ते पिशवीत भरलं, पिशवी खांद्यावर घेतली आणि ओलं धोतर तसंच नेसून वखारीसमोरून बौद्धपुऱ्याच्या वाटेला लागला. दांडक्यांच्या मधून गेला. त्याच्या खांद्यावरचं ओझं बघून पोरं नुसती बाजूला झाली. ज्या नवसासाठी जायचं, तो त्याने स्वतःच मोडून खांद्यावर घेतला होता.

किसनराव मागून म्हणाले, तेही मोठ्याने नव्हे, "डोमाजी, पोरगी गेली तुही."

त्या रात्री कुठेच आग लागली नाही.

ताराचंदने तक्रार मागे घेतली नाही. तो म्हणाला, पीठ आलं ते सांगीन आणि आधी नाही म्हटलं तेही सांगीन. खटला वर्ध्याला चालला. डोमाजीने कोर्टात एवढंच सांगितलं, "नाई म्हनलो मी." त्याला एक महिना झाला, तो त्याने भोगला. सुटून आल्यावर त्याने चक्कीचं अर्धं दार काढून टाकलं. सकाळदुपार एक केली. गल्लीतली काही घरं खालच्या चक्कीवर जाऊ लागली, आणि महालक्ष्म्यांना तर सगळीच.

कायद्याचा महिना संपला, दुसऱ्या शिक्षेला मात्र मुदत नव्हती. कोकिळेला महालक्ष्म्यांच्याच आठवड्यात मुलगा झाला होता, दोघं सुखरूप. मी बारशाला गेले, पण गल्लीतून फारसं कुणी आलं नव्हतं. जे आले ते पाळण्यात वाकून मुलाचा रंग निरखत होते. किसनराव पारावर म्हणाले, "देवी घाई करत नाई." हे वाक्य गावाने जपून ठेवलं. मुलगा, मधू, पहिल्यांदा पडला तेव्हा कुणी तरी ते काढलं. कोकिळेचा नवरा वारला तेव्हा काढलं. खालच्या चक्कीचा पट्टा तुटून एकाचा हात गेला, तेव्हासुद्धा बोट डोमाजीकडे आणि डोमाजीवरून बौद्धपुऱ्याकडे गेलं. डोमाजी नंतर कधी नवस बोलला नाही. तो मधूला सांभाळत राहिला, चालताना, खाताना, झोपताना. पोराच्या श्वासावर आपलं एकट्याचं नाही तर सगळ्या बौद्धपुऱ्याचं काही अवलंबून आहे हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

यंदा श्रावण संपता संपता मधूला ताप भरला. आता तो सात वर्षांचा आहे. गल्लीत थर्मामीटर माझ्याकडेच, म्हणून मला बोलावलं. पारा चढलेला पाहून मी तो पदराने पुसला आणि कुणाला आकडा सांगितला नाही. मलेरियाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही, आणि जयवंताने नातवंडं सेलूला बहिणीकडे पाठवल्याचं कळलं. बौद्धपुऱ्यातली आणखी काही मुलं शाळेत आली नाहीत. मास्तरांनी घरी येऊन ते सांगितलं आणि जेवले नाहीत.

आज संध्याकाळी मी पुन्हा गेले. समोरच्या ओट्यावर माणसं बसली होती. किसनराव आता थकलेत, त्यांना काठी लागते, पण ते आले होते. सातआठ तरुण पोरं होती. त्या साली ती शाळेत असतील. कुणी विड्या ओढत होतं. कुणी आत येऊन विचारपूस केली नाही. ते नुसते बसले होते.

कोकिळा कपाळावर पट्ट्या ठेवत होती. डोमाजी उठला, पोराला गोधडीत गुंडाळून उचललं आणि दाराबाहेर गेला. मी "अहो, वारं लागेल" म्हणाले, ते त्याने ऐकलं नाही. पायरीवर उभा राहून त्याने गोधडी तोंडावरून बाजूला केली.

"पहा. जित्ता हाय."

किसनरावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ताप हाय. डॉक्टर मलेरिया म्हनते. तुमच्या घरी बी होते मलेरिया. किसनराव, तुमचा पोरगा गेल्या साली तापानं पडला होता, तवा मी तुमच्या दारात असा बसलो होतो का?"

"आमी काय म्हनलो?" किसनराव म्हणाले. "माणुसकीनं बसलो, बापा."

"मंग घरी जा माणुसकीनं."

एक जण उठल्यासारखा झाला आणि शेजाऱ्याकडे बघून पुन्हा बसला. बाकीचे हललेही नाहीत. एकाने विडी विझवली, दुसरी पेटवली. तिकडे बौद्धपुऱ्यात अजून दिवा लागलेला दिसत नव्हता.

डोमाजीला पोर जड झालं होतं. मी पुढे होऊन घ्यायला लागले तर त्याने मान हलवली. मधूने तापाने जड डोळे उघडले.

"आबा, आत चाला. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे," डोमाजी म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. "तू डोळे उघडे ठेव."