ऑर्गनमागची आत्या

आमची आत्या नाकावर राग घेऊनच जन्माला आली होती. चर्चमधल्या ऑर्गनचा भाता हलवणं हे तिचं काम. पडद्याआड उभं राहून लाकडी दांडा वरखाली करायचा, भात्यात हवा भरायची, की पुढे शिंपीकाकांच्या बोटांखाली त्या उंच नळ्या गाऊ लागायच्या. कौतुक शिंपीकाकांचं, घाम आत्याचा!

ऑर्गन जहाजातून खोक्यांत आला, तेव्हा माझ्या सुतार पणजोबांनी तो जोडून उभा केला. दोन लाकडी पट्ट्या उरल्या. त्या कुठल्या ते काही कळेना, म्हणून पणजोबांनी त्यांची घरात फळी ठोकली. पुढे भाता आजोबांकडे आला. ते थकल्यावर आत्या पुढे झाली, तर कमिटी म्हणाली, हे बाईमाणसाचं काम नव्हे.

"मग पाळणे हलवून तुम्हाला मोठं कुणी केलं? बापांनी?" आत्यानं विचारलं आणि बाह्या सरसावून दांडा धरला.

मग दातांचे डॉक्टर कमिटीचे अध्यक्ष झाले. त्यांना विजेवरचा सुटसुटीत कीबोर्ड हवा होता. जुन्या नळ्या एका हॉटेलवाल्याला दर्शनी भिंतीवर शोभेसाठी हव्या होत्या. रविवारी उपासना संपली की हात वर करून मत घ्यायचं ठरलं.

"हॉटेलात? उद्या मी मेले की माझे दात काढून दवाखान्याच्या दारावर लावा!" आत्या कडाडली. डॉक्टर हसले. हसा म्हणावं!

आमच्या मंडळीची एक रीत आहे. शेवटच्या गीतानंतर ऑर्गन थांबेपर्यंत कुणी बसायचं नाही, कुणी बोलायचं नाही. त्या रविवारी गीत संपलं, पण आत्या थांबेचना. हवा येतेय म्हटल्यावर शिंपीकाकांनीही बोटं उचलली नाहीत. तेच गीत पुन्हा, मग आणखी एक. मंडळी आपली उभीच. डॉक्टर घड्याळ बघतायत, घसा खाकरतायत, पण बोलायची सोय नाही. मी हळूच पडद्याआड गेलो. आत्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आत्या, पुरे गं," मी कुजबुजलो.

"तू गप बस. आज हात तुटला तरी बेहत्तर!"

मला रडू आलं. अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू?

शेवटी डॉक्टर तरातरा आत आले आणि त्यांनी दांडा घट्ट धरून ठेवला. नळ्या कण्हल्या आणि गप्प झाल्या.

"थांबला एकदाचा!" पडद्याबाहेर डोकं काढून डॉक्टर म्हणाले. "बसा आता. मत घेऊ."

कुणी बसलं नाही.

पाळकसाहेब उभे, शिंपीकाका उभे. पहिल्या बाकावर डॉक्टरांची आई. गुडघ्यांपायी एरवी गीत अर्ध्यावर असतानाच बसणारी ती बाई, तीही काठीवर भार टाकून उभी होती.

"अहो, बसा म्हणतोय ना!"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "गाणं झालेलं नाही अजून. सोड तिचा दांडा."

आणि डॉक्टरांनी सोडला.