आधी हवा

प्रसूतीच्या खोलीत शिरल्या की सिस्टर सगळ्यात आधी बाळाला श्वास देण्याचा रबरी फुगा उचलायच्या, त्याचा मास्क स्वतःच्या तळहातावर दाबायच्या आणि हवा येते का पाहायच्या. “आधी हवा. बाकी सगळं मग.” अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, एकच गोष्ट रोज नव्यानं तपासणारी.

शिंदखेड्याच्या दवाखान्यात मी औषधं द्यायचे. एका दुपारी इंजेक्शन घेऊन गेले, तर नुकतंच एक बाळ जन्मलेलं. गळ्याभोवती नाळ, अंग निळं, चिंधीसारखं लुळं. डॉक्टर शेजारी ऑपरेशनमध्ये अडकलेले. सिस्टरांनी बाळ पुसलं, पाठ चोळली. हूं नाही की चूं नाही.

“ताई, मिनिटं सांगत राहा.”

त्यांनी मास्क लावला. “एक... दोन... सोड.” चिमुकली छाती वर-खाली होऊ लागली. बोटं नाळेच्या मुळाशी. “ठोके शेतस,” त्या अहिराणीत म्हणाल्या. “मंद, पण आहेत.”

दाराबाहेरून आजीचा आवाज आला, “सिस्टर, पोऱ्या काबर रडस नही?”

“जीव शे, माय. धीर धरा.”

“दोन मिनिटं,” मी म्हटलं. मग तीन. सिस्टरांची लय ढळली नाही. चौथ्या मिनिटाला बाळानं आचका दिला, मग दुसरा. छाती गुलाबी झाली, मग ओठ. हातपाय अजून निळेच. आणि मग ते रडलं, मांजराच्या पिल्लासारखं.

आजी पाया पडायला आली, तर सिस्टरांनी तिला धरलं. “वाचला. पण मेंदूला हवा किती कमी पडली, ते आज नाही कळणार.” आणि बाळाला घेऊन त्या स्वतः धुळ्याला निघालेल्या ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या.

पुढे दर महिन्याला त्या आईला बोलावून घ्यायच्या. पोरगं उशिरा बसलं, उशिरा उभं राहिलं. त्या हसून म्हणायच्या, “घाई कोणाला शे?” आई गेली की पोराचे महिने पुन्हा बोटांवर मोजायच्या.

आता त्या निवृत्त होऊन जळगावला, पिंप्राळ्यात राहतात. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो पोरगा आला होता, दीड वर्षाचा. व्हरांड्याच्या टोकाला सिस्टर उकिडव्या बसल्या. “ये रे राजा.” चार पावलं टाकून तो धपकन पडला. आम्ही सगळे धावलो.

“कोणी उचलू नका,” त्या म्हणाल्या.

तो फरशीवर हात टेकून थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग ढुंगण वर करून, डुगडुगत, आपला आपण उठला आणि चालू लागला.